सात नंबरची बॅटरी

१

वाळूच्या खोलीत वाळू होती, बॅटरी नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेनऊला, चाकणच्या आमच्या कारखान्यात मी त्या खोलीची कडी काढली तेव्हाची ही गोष्ट. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः ती अकरा किलोची पेटी उचलून त्या वाळूत अर्धी पुरून ठेवली होती. आता तिच्या आकाराचा खड्डा तेवढा उरला होता. खोलीला कुलूप नव्हतं. आग लागल्यावर किल्ली शोधत बसायला नको, हा नियम माझाच.

मी रंगराव. अग्निशमन दलात तेहेतीस वर्षं काढली, आता निवृत्तीनंतर इथे सुरक्षा सल्लागार म्हणून बसतो. लोकांना वाटतं, आयुष्यभर आग विझवलेला माणूस आगीला भीत नाही. मी सगळ्या आगींना भितो आणि लिथियमच्या आगीला सगळ्यात जास्त. तिला पाणी मारा, ती विझल्यासारखं करते आणि तुमची पाठ वळली की पुन्हा पेटते. शेवटच्या वर्षी अशाच एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरून मी दोन माणसं खाली आणली होती. दोन्ही उशिरा आणली. तेव्हापासून घरात मोबाईल चार्जिंगला लावलेला असला, तरी मी मधूनच उठून त्याला हात लावून बघतो. माझी मुलगी हसते. हसू दे.

तर ती सात नंबरची बॅटरी. कंपन्यांमध्ये जेवणाचे डबे पोचवणाऱ्या बारा बायकांच्या बचत गटाला एका सरकारी योजनेतून विजेवरच्या बारा स्कूटर मिळाल्या होत्या. त्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडे जोडल्या. स्कूटरमधून पेटी काढायची, घरात न्यायची आणि चार्जिंगला लावायची, असा हा प्रकार. आतले सेल परदेशातून येतात. दिल्लीत एक कागद निघतो, त्याला उत्तर म्हणून पलीकडच्या देशात दुसरा निघतो आणि मधल्या मध्ये आमचा कंटेनर बंदरात अडकतो. त्यामुळे बारा म्हणजे मोजून बाराच बॅटऱ्या झाल्या. तेराव्या बॅटरीला एकही सेल शिल्लक नव्हता.

बाराही बॅटऱ्या बुधवारी मांडणीवर लावून आठ तास तपासल्या होत्या. तपासणारा माणूस नव्हता, ‘नेत्र’ नावाचा उष्णता बघणारा कॅमेरा होता आणि त्याच्यामागे एआय. कुठली बॅटरी आतून तापते आहे, हे त्याला आपल्याआधी कळतं, असं आम्हाला सांगितलं होतं. त्यानं सात नंबरला लाल ठरवलं. लाल म्हणजे घरात नेऊन दोनतीनदा चार्ज केली की कधीही पेट घेईल.

मी मालकांच्या खोलीकडे पळालो. गुडघे दुखायचं विसरले होते.

२

मालक उद्धवराव. जुन्या गावकीतलं घराणं, जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा हट्टानं कारखाना काढलेला माणूस.

“काल सकाळी किती बॅटऱ्या वाटल्या?” मी विचारलं.

“बारा. दसऱ्याचा मुहूर्त व्हता, नारळ फोडला, टेबलावरनं एकेक उचलून दिली.”

“अकरा असायला हव्या होत्या.”

उद्धवरावांचा हात कपावरच थांबला. “मला वाटलं, इकबालनं जुन्या गाडीतलं सेल काढून बारावी केली आसंल. मी म्हनलोच व्हतो त्येला.”

म्हणजे लाल बॅटरी बाराजणींपैकी एकीच्या घरात होती आणि तिला पहिली रात्र होऊनही गेली होती.

दहा मिनिटांत मी चौघांना एका खोलीत बसवलं. काल गुरुवार, आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार, त्यात दसरा. कारखान्यात वाटपापुरती माणसं होती. बुधवारी संध्याकाळी मी गेल्यावर मागे राहिलेले हे चौघेच.

इकबाल, दापोडीचा, बॅटऱ्या जोडणारा मुख्य कारागीर. “काका, जुने सेल काढायला मी साफ नाही म्हणालो होतो. तसली बॅटरी मी माझ्या जमिलाला दिली नसती, दुसऱ्याच्या बायकोला कशी देऊ? बुधवारी साडेसातची बस पकडली. काल दिवसभर घरी.”

विजयश्री मॅडम, तपासणी विभागाच्या प्रमुख. लाल शेऱ्यावर त्यांची सही होती. बारा पूर्ण झाल्या नसत्या तर योजनेची पुढची ऑर्डर गुजरातेत जाणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. “म्हणून मी कुणाच्या घरात बॉम्ब पाठवीन असं वाटतं तुम्हाला?” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्यांचं रडणं मला खरं वाटलं, पण खरं रडणारे चोरही मी पाहिले आहेत.

ज्ञानेश, कॅमेऱ्याच्या कंपनीनं पाठवलेला, रावेतला राहणारा तरुण. “सर, मॉडेल नव्याण्णव टक्के अचूक आहे. ते सात नंबर म्हणालं असेल तर सातच.” त्याला बॅटरीपेक्षा मॉडेलची काळजी जास्त होती.

आणि नवनाथ, लाइनचा सुपरवायझर, लातूरकडचा. त्याची बायको करिष्मा त्याच बचत गटात होती. तो काही बोलायच्या आत मॅडमनी वाटपाची वही उघडली, कुणाला कुठला नंबर हे तिच्यात आधीच ठरलेलं होतं, आणि बोट खाली नेत वाचलं.

“सात नंबर. करिष्मा नवनाथ.”

सगळे नवनाथकडे बघू लागले. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

माझ्या मनातून त्याचं नाव तिथेच गळालं. आपल्या हातानं आपल्याच घरात विस्तव कोण नेईल?

३

बाराही जणींना फोन करायचे ठरले. बॅटरी काढा, घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवा, हात लावू नका. उद्धवराव आडवे आले. “बाराच्या बारा कशाला? एवढा गाजावाजा झाला तर योजनेवालं चौकशी लावत्यात. वहीत सात नंबर हाय ना? सातच आना.”

“वही बॅटरी पेटवत नाही,” मी म्हणालो. मी यादी उचलली. “बाराही.”

यादी आम्ही वाटून घेतली. नवनाथच्या वाट्याला तिघी होत्या, त्यात करिष्मा आणि दापोडीच्या सुमनताई. तो व्हरांड्यात गेला. थोड्या वेळानं मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. हेतू चांगला होता, धीर द्यायचा होता.

“करिष्माला लागला का फोन?”

“लागला, काका. बाहेर काढून ठेवते म्हणाली.” त्यानं पुन्हा फोन कानाला लावला. “ह्या सुमनकाकूच उचलंनात. पाचव्यांदा लावलाय.”

“आपण आधी तुझ्याकडे जाऊ. आकुर्डीवरून मग दापोडीला जाता येईल.”

“घरचं सोडा हो, तिथं काय होतंय. काकूंना गाठा आधी. एकटी बाई हाय ती.”

मी मान हलवली आणि दोन पावलं चाललो. मग थांबलो. काहीतरी खटकलं होतं आणि ते काय, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

त्या सकाळी आम्ही सगळे घाबरलेले होतो. मालक योजनेपायी, मॅडम सहीपायी, ज्ञानेश नोकरीपायी, इकबाल आपल्यावर आळ येईल म्हणून. मी तर जन्माचाच भित्रा. आणि ज्याच्या बायकोच्या खाटेजवळ लाल बॅटरी होती, तो एकटा म्हणत होता, घरचं सोडा. भीती नसणं हे शौर्य असतं, नाहीतर माहिती असते. नवनाथ शूर नव्हता.

“फोन दाखव,” मी म्हणालो.

सुमनताईंना पाच फोन होते. करिष्माला एकही नव्हता.

त्यानं फोन लपवायचाही प्रयत्न केला नाही. “स्टिकर बदलले, काका,” तो म्हणाला. “बुधवारी तुमी गेल्यावर वाळूतली सात नंबरची काढली, तिला तीनचा स्टिकर लावला. तीनची चांगली व्हती, तिला सातचा. करिष्मा दोन वर्षं गाडीची वाट बघत बसली व्हती. सेल कवा येतील त्याचा पत्ता न्हाई. आमचीच लाल निघावी का?”

“आणि लाल वाळूतच का नाही राहू दिलीस?”

“अकराच भरल्या असत्या तर शोधाशोध झाली असती.”

“आणि तीनच का?”

त्यानं फोन खिशात घातला. “सुमनकाकू एकटीच राहते म्हणलं,” तो म्हणाला. “घरात दुसरं कुनी न्हाई.”

मी आयुष्यात पुष्कळ आगी पाहिल्या आहेत. त्या वाक्यानं जशी भीती वाटली तशी कुठल्याच आगीनं वाटली नव्हती.

४

आम्ही दापोडीकडे सुटलो. इकबाल गाडी चालवत होता, पुढे मी, मागे ज्ञानेश लॅपटॉप घेऊन आणि त्याच्या शेजारी नवनाथ. त्याला मीच बरोबर घेतलं होतं, डोळ्यांआड सोडायचा नव्हता. नाशिक फाट्याला गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक डबेवाल्या स्कूटरकडे मी डोळे फाडून बघत होतो. बाकी दहाजणींचे फोन लागले होते, त्यांच्या बॅटऱ्या अंगणात नाहीतर गच्चीवर पोचल्या होत्या. करिष्माकडे चांगली बॅटरी आहे म्हणून तिला कुणी लावलाच नव्हता. सुमनताईंचा लागत नव्हता.

सव्वाअकराला त्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच सापडल्या. स्कूटरवरून डबे उतरवत होत्या. फोन डिकीत होता.

“काय झालं हो?” पन्नाशीच्या त्या बाईनं आमच्या चेहऱ्यांकडे बघत विचारलं.

मी त्यांना दहा पावलं मागे नेलं. इकबालनं सीट उघडली आणि तोंड बाजूला वळवून बॅटरी बाहेर काढली. पेटीवर तीन नंबरचा स्टिकर होता. त्याच्याखालून कुंकवाचा अर्धा ठिपका डोकावत होता. बुधवारी खंडेनवमीच्या पूजेत बाराही पेट्यांना हळदकुंकू लावलं होतं, ते स्टिकरच्या वरच्या बाजूला, मोकळ्या पत्र्यावर. हा स्टिकर कुंकवावर चिकटवलेला होता. म्हणजे नवनाथ खरं बोलला होता. हीच ती लाल बॅटरी.

इकबालनं तिला हात लावला. मग मीटर लावला. आतल्या सेलची एकेक ओळ तपासली, पुन्हा तपासली.

“काका, ही थंड आहे.”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय. काल दिवसभर चाललीय, रात्री चार्ज झालीय, आज पुन्हा चाललीय. सगळ्या ओळी सारख्या. इतकी चांगली बॅटरी मी या वर्षात जोडलेली नाही.”

मी तिच्यावर तळहात ठेवला. ती खरोखर थंड होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कॅमेऱ्यानं चांगलीला लाल ठरवलं असेल, तर त्यानं हिरवी कुणाला ठरवली होती?

“ज्ञानेश, सात नंबरचा बुधवारचा आलेख काढ.”

त्यानं स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला. अकरा वाजता तपासणी सुरू, लगेच सात नंबरचं तापमान चढलेलं, साडेअकरानंतर उतरलेलं. त्यानंतर दिवसभर शांत.

“मग लाल कशी राहिली?”

“एकदा लाल झालं की लालच राहतं, सर. सुरक्षेचा नियम आहे.”

साडेअकरा. मला आठवलं. पूजेनंतर प्रसाद घेऊन मी परत आलो तेव्हा मांडणीच्या कडेला, सात नंबरच्या अगदी समोर, उद्धवरावांनी लावलेली समई तेवत होती. मी आरडाओरडा करून ती बाहेर काढायला लावली होती. बॅटरी तापलेलीच नव्हती. समईच्या आचेनं तिचा पत्रा तापला होता.

“कॅमेऱ्याला समई कळत नाही?”

“ज्या कारखान्यांतल्या चित्रांवर तो शिकलाय तिथे यंत्रांची पूजा करत नाहीत, सर.” ज्ञानेशचा चेहरा उतरला होता.

“आता बाराही आलेख एकत्र लाव.”

अकरा रेघा वरखाली होत होत्या. दार उघडलं की हलायच्या, पंखा लागला की हलायच्या. तीन नंबरची रेघ मात्र सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत आखल्यासारखी सरळ होती. एकोणतीस अंश, दिवसभर. जिवंत बॅटरी अशी राहत नाही. भिंतही राहत नाही.

“कॅमेरा तीन नंबर बघतच नव्हता,” इकबाल म्हणाला. “मधे काहीतरी आलं होतं.”

काय आलं होतं ते मला तोवर कळलं होतं. वयानं मोठा म्हणून पूजेचा मान मला दिला होता. सगळ्या यंत्रांना बोट लावत मी कॅमेऱ्याशी आलो, स्टूलवर चढून त्याचं कपाळ शोधलं आणि काचेच्या वर ओलं कुंकू लावलं. हात सढळ होता. ओघळ खाली भिंगावर उतरला असणार आणि त्याआड एक कोपरा झाकला गेला. त्याला फक्त गरम शोधायला शिकवलं होतं, आपण आंधळे झालोय हे ओळखायला नाही. आणि त्याला आंधळा मी केला होता, माझ्या बोटानं, भक्तिभावानं.

तीन नंबर कुणी तपासलीच नव्हती. तिच्यावर आता सातचा स्टिकर होता आणि ती आकुर्डीत होती, करिष्माच्या खोलीत. मी हुशारी केली नसती, वहीवर विश्वास ठेवला असता, तर तासाभरापूर्वीच तिथे पोचलो असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी नवनाथकडे वळलो. त्याला सांगावं लागलं नाही. तो गाडीकडे पळत सुटला होता.

५

“लाव तिला फोन.”

“बंद हाय.” नवनाथ गाडीत पुढे वाकून माझा खांदा धरून होता. “मीच सांगितलंय, बंद ठेव. कंपनीतनं कुनी आलं तर दार उघडू नको, गाडी परत मागतील. कालच्याला पाहुण्यांकडं सोनं वाटत फिरली ती. सकाळी निघालो तवा चार्जिंगला लावलेली व्हती, खाटंखाली.”

शेजाऱ्यांचे नंबर त्याच्याकडे नव्हते, खोली गेल्याच महिन्यात घेतलेली. मी जुन्या सहकाऱ्यांना फोन केला, बंब निघाला. सुमनताई आमच्याबरोबर गाडीत चढल्या होत्या, कुणी बोलावलं नसताना. वाटेत त्यांनी इकबालला एकदाच विचारलं, बॅटरी माझ्याकडे कशी आली. इकबालनं खरं ते सांगितलं.

आकुर्डीत गल्लीच्या तोंडाशी देवीच्या मांडवाचे बांबू आडवे पडले होते. गाडी आत जाईना, बंबही जाणार नव्हता. आम्ही पळालो. पहिला मजला, लोखंडी जिना, शेवटची खोली.

दार आतून बंद होतं. फटीतून गोडसर वास येत होता, नखांना लावायच्या रंगासारखा. तो वास मी ओळखतो. मी दार ठोठावलं.

“करिष्मा, दार उघड, मी कंपनीतून आलोय.”

“ह्यांनी सांगितलंय, कुनालाबी उघडू नको,” आतून आवाज आला. “ते आल्यावर या.”

“बाई, बॅटरी तापली आहे, बाहेर ये.”

“ते आल्यावर या म्हणलं ना.”

नवनाथ मागून आला आणि दारावर दोन्ही हात आपटत राहिला. “करिष्मे, मी हाय. उघड. मी हाय गं.”

कडी निघाली. दारात ती उभी होती, तिच्यामागे खाटेखालून सापाच्या फुत्कारासारखा आवाज येत होता आणि पांढरा धूर जमिनीवरून सरकत होता. मला पळून जायचं होतं, हे मी कबूल करतो. मी तिचं मनगट धरलं आणि पळालो, तेवढाच फरक. इकबालनं नवनाथला कमरेला धरून मागे ओढलं. आम्ही जिन्याच्या मध्यावर असताना वर स्फोट झाला आणि खिडकीची काच गल्लीत पडली.

जवान पाइप हातात घेऊन पळत आले. त्यांनी शेजारच्या खोल्या वाचवल्या, ती एक वाचली नाही. माणूस मात्र एकही गेला नाही. मी मोजलं, पुन्हा मोजलं आणि मग पायरीवर बसलो.

उद्धवरावांचा फोन आला, चौकशीवाल्यांना काय सांगायचं म्हणून. मी सांगितलं, समईपासून सुरुवात करा, मग माझं कुंकू, मग स्टिकर. ते म्हणाले, “व्हय.” आणि फोन ठेवला.

समोरच्या ओट्यावर नवनाथ आणि करिष्मा बसले होते. तिच्या पायांत चप्पल नव्हती. सुमनताईंनी कुठूनतरी पाण्याचा तांब्या आणला, आधी तिला पाजलं, मग त्याच्यापुढे धरला. तो त्यांच्या पायाशी वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

“नवनाथ,” त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, “बॅटरी माझ्याकडे दिलीस, त्या रात्री झोप लागली का रे तुला?”

त्यानं तांब्या घेतला नाही. खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नसावी.

“लागली, काकू,” तो म्हणाला. “लई दिवसांनी लागली.”

करिष्मानं ते ऐकलं. ती उठली आणि सुमनताईंच्या पलीकडे जाऊन बसली.